बूस्टर म्हणजे नाही घेतला तरी चालतो

'बूस्टर' हा शब्द ज्या कोणी दवाखान्यांत आणून सोडला, तो मला एकदा भेटायला हवा. फार नाही, पाच मिनिटं बोलायचंय. त्याला मी धुळ्याच्या बसस्थानकावर नेईन, हातात माईक देईन आणि सांगेन, हं, आता जळगावची गाडी कुठे लागलीय ते या लोकांना सांगा, पण फलाटाचा नंबर सांगायचा नाही, वेळ सांगायची नाही आणि 'गाडी' हा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही. बघू किती माणसं जळगावला पोचतात.

मी वाहतूक नियंत्रक होतो. साध्या भाषेत सांगायचं तर बसस्थानकावरच्या जाळीच्या खिडकीत बसून कोणती गाडी कुठे आणि कधी हे जो ओरडून सांगतो, तो मी. लोक ज्या आवाजाला शिव्या देतात तो आवाज माझा. पण एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगतो, मी कधी 'थोड्या वेळाने' म्हटलं नाही. गाडी बिघडली तर बिघडली म्हटलं, येणार नाही तर येणार नाही म्हटलं. दोंडाईच्याच्या फलाटावर पोतं टाकून बसलेली म्हातारी माझ्या एका वाक्यावर उठायची, पोतं डोक्यावर घ्यायची आणि चालू लागायची. तिला दुसरं कोण सांगणार होतं? या नोकरीने मला एक खोड लावली. मी बोललो म्हणजे ते पक्कं, असं मला वाटायला लागलं. निवृत्त झालो, माईक गेला, खोड राहिली. आमची ही तर येताजाता म्हणते, "तुम्हले बठ्ठंच माहीत शे. डॉक्टरले काय माहीत राहीन!" तुम्हाला सगळंच माहीत, हे चाळीस वर्षं ऐकतोय, कधी मनावर घेतलं नाही.

माझी मुलगी जळगावला दिली आहे. ती तिथे कॉलेजात शिकवते, जावई भुसावळला रेल्वेत आहेत, रोज जाऊन येऊन करतात. त्यांना एकच मुलगी, पाच वर्षांची. या पोरीला बाळदमा आहे. पावसाळा लागला की तिची छाती वाजायला लागते, मग ते प्लास्टिकचं नळकांडं तोंडाला लावून पंप ओढायचा. पोर इतकी शहाणी की स्वतःच दहापर्यंत आकडे मोजते आणि मग श्वास सोडते. बघवत नाही. मी तर बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात ती सुट्टीला आमच्याकडे धुळ्याला होती. जळगावच्या तिच्या डॉक्टरांनी मुलीला सांगून ठेवलं होतं की यंदा पावसाळ्याआधी हिला फ्लूची लस द्या, दमेकरी मुलांना ती हवीच. मुलगी परीक्षेचे पेपर तपासण्यात अडकलेली. ती म्हणाली, "आबा, तुम्हीच घेऊन जाल का धुळ्यात कुठे?" मी म्हटलं त्यात काय. आमच्या कॉलनीच्या पलीकडे लहान मुलांचा एक दवाखाना आहे, तिथे नेलं. डॉक्टर बोलायला चांगले होते. म्हणाले, घरात दम्याचं मूल आहे, तुम्ही साठीच्या पुढचे, तुम्हीही घेऊन टाका. दोघांना एकाच दिवशी टोचलं. पोर रडली नाही, मी 'आई गं' म्हटलं म्हणून हसली. डॉक्टर मला म्हणाले, "आता वर्षभर बघायला नको."

वर्षभर बघायला नको. हे ते मला म्हणाले होते, माझ्या दंडाविषयी. मी ते दोघांचं धरलं.

बाहेर काउंटरवर सिस्टरने पोरीच्या कार्डावर शिक्का मारला, त्याच्या खाली पेनाने एक शब्द लिहिला आणि कार्ड माझ्या हातात दिलं. शब्द होता 'बूस्टर'. पुढे तारीख नाही, आकडा नाही. मागे रांग होती, कोणाचं तरी तान्हं किंचाळत होतं. सिस्टर काहीतरी बोलली, मी मान हलवली आणि पोरीला बर्फाचा गोळा द्यायचं कबूल केलं होतं म्हणून बाहेर पडलो.

चार दिवसांनी मुलगी तिला न्यायला आली. कार्ड बघून म्हणाली, "आबा, हे बूस्टर काय लिहिलंय?"

आणि मी सांगितलं. एका क्षणाचाही विचार न करता, माईकवर सांगावं तसं. "बूस्टर म्हणजे नाही घेतला तरी चालतो."

हे मी हवेतून काढलं नव्हतं. करोनाच्या वेळी आपण सगळ्यांनीच हे शिकून ठेवलंय. पहिला डोस, दुसरा डोस, हे खरे. त्यांच्यासाठी रांगा लावल्या, मोबाईलवर नंबर घेतले, सर्टिफिकेटं छापून प्लास्टिकमध्ये घालून ठेवली, कारण कुठेही जायचं तर ते विचारायचे. मग पुढे बूस्टर आला आणि त्याचं सर्टिफिकेट कोणी कुठे विचारलं नाही. आमच्या गल्लीत मोजून दोघांनी तो घेतला. त्यातला एक तर भिऊन घेणारा माणूस, त्याला सगळे हसले. तेव्हापासून आमच्याकडे बूस्टर याचा अर्थ ठरून गेला. जो विचारत नाहीत तो. शौकाचा. मला सांगा, अशा गावात एका पाच वर्षांच्या दमेकरी पोरीच्या कार्डावर कोणी 'बूस्टर' लिहील तर वाचणारा काय समजेल? दुसरा डोस म्हणा ना! दुसरा म्हटलं की अडाणी माणूसही विचारतो की कधी. दुसरा या शब्दाला काय काटे आले होते?

मुलगी काही माझ्यासारखी नाही. तिने जळगावला गेल्यावर विचारायला सुरुवात केली. आणि काय ऐकलं तिने! रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि रोज माझं डोकं फिरायचं.

त्यांच्या कॉलनीतल्या औषधाच्या दुकानात ती गेली आणि म्हणाली, फ्लूचा बूस्टर हवाय. दुकानदाराने तिच्यापुढे एक बाटली ठेवली. काढा. वर मोठ्या अक्षरात इम्युनिटी बूस्टर, खाली तुळशीचं चित्र. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे द्या म्हणाला. ती म्हणाली, अहो, लस. तर तो म्हणाला, लसीला बूस्टर नसतो ताई, बूस्टर पिण्याचाच असतो. हे मी तिच्याकडून ऐकलं तेव्हा हसलो होतो. आता आठवलं तरी त्या बाटलीने त्या माणसाचं कपाळ शेकावंसं वाटतं.

मग ती सरकारी आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या बाई भल्या होत्या, पण म्हणाल्या, ही लस आमच्या तक्त्यात नाही, आमच्याकडे येतच नाही, जी येत नाही तिच्याविषयी आम्ही कसं सांगू? शाळेच्या फाटकापाशी मुलांना न्यायला येणाऱ्या आयांमध्ये दोन तट पडले. एक म्हणाली, दोन लागतात, आम्ही घेतले. दुसरी म्हणाली, ते न्यूमोनियाचे असतील, फ्लूचा एकच. तिसरीच्या नणंदेच्या मुलाला दुसऱ्याने ताप चढला होता म्हणे. आणि त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी हिरव्या चौकटीतला मेसेज टाकला, 'फ्लूची लस वर्षातून एकदाच घ्यावी, अफवांवर विश्वास ठेवू नका.' खाली चाळीस जणांचे अंगठे. तो मेसेज खोटाही नव्हता, मोठ्यांसाठी खरा होता. पण 'मोठ्यांसाठी' हा एक शब्द लिहायला त्याच्या बोटांना काय झालं होतं, हे मला आजही कळत नाही.

तरीही ती थांबली नाही. जून संपता संपता ती पोरीला घेऊन जळगावातच एका मोठ्या दवाखान्यात गेली. तिचे नेहमीचे डॉक्टर तेव्हा महिनाभर बाहेरगावी होते. काउंटरवरच्या माणसाने कार्ड उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, हे आमचं कार्ड नाही, पहिली जिथे घेतली तिथेच जा. तिने विचारलं, पण लागतो की नाही तेवढं तरी सांगा. तो म्हणाला, तिथेच विचारा. खिडकीत बसलेल्या माणसाने असं बोलावं? मी तो प्रश्न हजार वेळा ऐकलाय. चुकीच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या माणसाला मी कधी 'तिकडे विचारा' म्हणून घालवला नाही. उठून हात धरून दाखवलाय.

त्या संध्याकाळी ती फोनवर म्हणाली, "आबा, मी शनिवारी हिला घेऊन धुळ्यालाच येते. एकदाचं होऊन जाईल."

बाहेर पाऊस, पारोळ्यापुढे रस्त्याचं काम चाललेलं, पोरीची छाती नाजूक. मी म्हटलं, "काही गरज नाही. भर पावसात पोरीला गाडीतून आदळत आणायचं, ते कशासाठी? एका शब्दासाठी? या लोकांना सुया टोचायला पोरं हवी असतात. मी सांगतो ना तुला, एकच लागतो. मलाही डॉक्टरांनी तेच सांगितलं."

ती मग म्हणाली, "नक्की ना, आबा?"

"नक्की."

ती आली नाही.

श्रावणात त्यांच्याकडे कानबाईचा, म्हणजे कुळदेवीचा, उत्सव होता. खानदेशात ज्यांच्या कुळात कानबाई बसते त्यांचे सगळे भाऊबंद त्या दिवशी एका घरात जमतात, कोण सुरतेहून, कोण नाशिकहून, आणि दोन दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते. कोणीतरी खोकत आलं असणार. कोण ते शोधण्यात अर्थ नाही, पन्नास माणसांत कोणाला धरणार? बुधवारी पोर तापली. शुक्रवारी सकाळी मुलीचा फोन आला, "आबा, हिला ॲडमिट केलंय. ऑक्सिजन लावलाय."

मी आणि ही मिळेल त्या गाडीने निघालो. पारोळा येईपर्यंत मी काय काय पुटपुटत होतो ते हिने ऐकलं असेल, पण तिचा नेहमीचा टोमणा त्या दिवशी आला नाही. दुपारी आम्ही वॉर्डात पोचलो. पोर पलंगावर एवढीशी दिसत होती. नाकाला मास्क, फासळ्यांच्या खाली खड्डा पडायचा, भरायचा, पुन्हा पडायचा. मला बघून तिने मास्कच्या आतून काहीतरी म्हटलं, ते ऐकू आलं नाही. मुलगी पायथ्याशी बसली होती. तिची सासू शेजारी उभी, हातात कानबाईच्या प्रसादाच्या रोटाचा डबा. कुळाचा रोट कुळातल्याच माणसाने संपवायचा असतो, म्हणून पोरीच्या तोंडाला तुकडा तरी लावू द्या असं ती बिचारी नर्सला विनवत होती.

तेवढ्यात डॉक्टर आल्या, तिशीच्या आतबाहेरच्या. फाईल वाचून, फ्लूच आहे असं म्हणून त्यांनी विचारलं, "फ्लूची लस दिली होती?"

मुलगी म्हणाली, "मे महिन्यात एक दिली."

"आणि दुसरी? चार आठवड्यांनी?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "राहून गेली, मॅडम. माझ्याकडून राहून गेली."

सासूने तिच्याकडे पाहिलं. तो कटाक्ष मी जन्मात विसरणार नाही. नोकरी करणाऱ्या सुनेकडे बघायचा कटाक्ष. तो माझा होता, माझ्या वाट्याचा, आणि माझ्या पोरीने तो आपल्या अंगावर घेतला. मी तिथे खांबासारखा उभा होतो आणि माझ्या तोंडातून आवाज फुटला नाही. ज्या आवाजाने अख्खं बसस्थानक हलायचं त्याला त्या दिवशी काय झालं होतं, ते मलाच माहीत.

मग माझा राग उसळला, आणि निघाला कुणावर, तर त्या डॉक्टरवर. व्हरांड्यात गाठून मी तिला म्हटलं, "तुम्ही लोक सरळ सांगत का नाही? एक की दोन?" ती थांबली. तिने मला सरळ सांगितलं. नऊ वर्षांच्या आतलं मूल असेल आणि ही लस आयुष्यात पहिल्यांदाच घेत असेल, तर त्या वर्षी दोन, मध्ये किमान चार आठवडे. पुढच्या वर्षापासून दरवर्षी एक. मोठ्या माणसाला दरवर्षी एकच. एवढंच. घड्याळ लावलं असतं तर अर्धं मिनिट झालं नसतं. या अर्ध्या मिनिटासाठी माझी मुलगी दीड महिना गावभर फिरली होती.

मी विचारलं, "दुसरी दिली असती तर हे झालं नसतं ना?"

ती म्हणाली, "तसं नाही सांगता येणार, काका. दोन घेऊनही होतो कधी कधी. पण बहुधा इतकं अंगावर आलं नसतं." मला भांडायचं होतं. तिने भांडायला जागाच ठेवली नाही. तिच्या मागे सहा जण कागद घेऊन उभे होते.

पोर पाचव्या दिवशी घरी आली. मी त्याच्या दुसऱ्याच दिवशी धुळ्याला परतलो आणि कार्डाचा फोटो घेऊन त्या पहिल्या दवाखान्यात गेलो. आज एकेकाची खरडपट्टी काढायची असं ठरवूनच गेलो होतो. काउंटरवर तीच सिस्टर होती. मी मोबाईल तिच्यापुढे आपटला. "हे काय लिहिलंय?"

"बूस्टर," ती म्हणाली.

"बूस्टर म्हणजे काय? तारीख कुठे आहे? माझी नात ऑक्सिजनवर होती!"

डॉक्टर दार उघडून बाहेर आले. सिस्टरचे डोळे भरले, पण ती काही दबली नाही. म्हणाली, "आबा, आमच्याकडे सगळे बूस्टरच म्हणतात, म्हणून मी तसं लिहिते. तारीख टाकायला हवी होती, ती चूक माझी. पण मी तुम्हाला तोंडी सांगितलं होतं. महिन्याने आणा म्हटलं होतं. तुम्ही हो म्हणालात. मान हलवलीत."

हलवली होती. ती मान मला आता स्पष्ट दिसत होती. गोळ्याची गाडी बाहेर उभी होती आणि पोर माझं बोट ओढत होती, तेवढ्यात हलवलेली. डॉक्टर म्हणाले, यापुढे कार्डावर 'दुसरा डोस' आणि तारीख लिहू. मी बरं म्हटलं. भांडायला गेलेला माणूस आणि बरं म्हणून निघालो.

पायऱ्यांवर एक बाई बसली होती, सातपुड्याच्या पायथ्याकडची असावी, मांडीवर तीनेक वर्षांचं मूल. तिने आतलं सगळं ऐकलं होतं. तिने हातातलं कार्ड माझ्यापुढे धरलं. "आबा, दुसरी सुई लेवानी लागस का नही? एक जण म्हनस लागस, एक जण म्हनस नही."

मला उत्तर माहीत होतं. अगदी पक्कं, डॉक्टरच्या तोंडचं. तरी माझी जीभ उचलेना. तिच्या पोराला ही लस पहिल्यांदा दिली की आधीही दिली होती, मला काय ठाऊक? मी तिला उठवलं, दार ढकलून आत नेलं, सिस्टरपुढे उभं केलं आणि म्हटलं, हिच्या कार्डावर तारीख लिहा, आणि हिला परत म्हणायला लावा. सिस्टरने लिहिली. बाईने तारीख दोनदा म्हणून दाखवली. मग मी घरी आलो.

नात आता बरी आहे. मुलीने मला आजवर एका शब्दाने बोल लावला नाही. सासूलाही खरं काय ते सांगितलं नाही, आणि मी सांगायला गेलो तर मला अडवलं. तिने भांडावं, ओरडावं, माझ्या घरी पाय ठेवणार नाही म्हणावं, असं मला कितीदा वाटलं. ती पूर्वीसारखीच दर संध्याकाळी फोन करते. पाऊस किती झाला, आईचे गुडघे कसे आहेत, पोरीने आज काय चित्र काढलं.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी असाच फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "हिचा दुसरा डोस झाला, आबा. मागच्या आठवड्यात."

मी म्हटलं, "झाला? मागच्या आठवड्यात? मग मला विचारलं का नाहीस?" आवाज चढला होता माझा. इतकं होऊनसुद्धा चढला.

ती जराही चिडली नाही. मऊ आवाजात म्हणाली, "विचारलं की तुम्ही सांगता, आबा. म्हणून नाही विचारलं."